शंका-समाधान : पाटीवरचा फ्रेंच शब्द

प्रश्न : आमच्या बेकरीच्या नव्या पाटीवर बेकरीसाठीचा फ्रेंच शब्द दोन ओळींत बसवायचा आहे. रंगाऱ्याने पहिल्या ओळीत बी-ओ-यू-एल-ए-एन-जी आणि दुसरीत ई-आर-आय-ई लिहिले आहे. ही फोड बरोबर आहे का? आणि शब्द म्हणायचा कसा?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : फोड चुकली आहे. फ्रेंचमध्ये दोन स्वरांमधले एकटे व्यंजन पुढच्या स्वराबरोबर जाते. दोन असली तर बहुधा एक मागे राहते, एक पुढे जाते. म्हणून लिखित तुकडे चार : बी-ओ-यू, एल-ए-एन, जी-ई, आर-आय-ई. वरच्या ओळीत एनपर्यंत लिहून जोडरेघ द्या, जी खाली घ्या. जी मऊ होतो तो पुढच्या ईमुळे. ई तोडला की वाचणारा 'ग' म्हणून मोकळा होतो.

बोलताना मात्र तुकडे तीनच : बु-लांझ्-री. जीनंतरचा ई गळतो, शेवटचा मुकाच. जोर 'री'वर. दक्षिण फ्रान्समधला पाहुणा मधला ई उच्चारून चार तुकडे करील, तेही चूक नव्हे.

खरी अडचण 'लां'ची. 'मांजर' म्हणताना आपली जीभ दातांमागे टेकून 'न' उमटतो. फ्रेंचमध्ये ती टेकता कामा नये. टोक खालच्या दातांमागे ठेवा, जबडा उघडा आणि आवाज नाकातोंडातून एकदम सोडा. कोकणी 'हांव' ज्यांच्या तोंडी आहे, त्यांना हे जड नाही.

'झ्' ही सोयीची खूण आहे. आपल्या झमध्ये हवा आधी अडते, इथे अडत नाही. लांब 'श्श्' म्हणत राहा आणि जीभ न हलवता घशातून आवाज द्या. गळ्याला लावलेल्या बोटाला कंप जाणवला पाहिजे. पोर्तुगीज 'जानेरु'चा पहिला आवाज हाच, तेव्हा पणजीच्या 31 जानेरु रस्त्याचे नाव पोर्तुगीज शिकलेल्या एखाद्या ज्येष्ठाकडून म्हणवून घ्या.

र घशातला आहे, पण त्यावर घाम गाळू नका. आपला र समजतो.

प्रश्न : केकच्या दुकानासाठीचा 'पातिसरी' असाच फोडायचा का?

उत्तर : हो. लिहिताना पा-तिस्-से-री, बोलताना पा-तिस्-री. एस दोन असले तरी स एकदाच. मात्र प्रत्येक मधला ई गळत नाही. घराच्या 'आपार्तमाँ'मध्ये तो काढला तर र, त, म सलग येऊन जीभ अडते, म्हणून तिथे बोलतानाही चार तुकडे राहतात.