चौथ्या पानावर हात फोनकडे जातो

पत्र: मी एक्केचाळीस वर्षांची. राहायला कोपरखैरण्याला, नोकरी ठाण्यात. पूर्वी आठवड्याला एक पुस्तक सहज वाचून व्हायचं, आता चौथ्या पानावर हात फोनकडे जातो. आणि मतं मात्र प्रत्येक गोष्टीवर असतात. ती मी लगेच घरच्या ग्रुपवर लिहून मोकळी होते. गेल्या पावसाळ्यात पाणी तुंबलेल्या रस्त्याचा एक व्हिडिओ मी 'बघा आपलं ठाणे' म्हणून पाठवला आणि खाली महापालिकेवर चार ओळी लिहिल्या. भाचीने सगळ्यांदेखत दाखवून दिलं की तो जुना आणि परराज्यातला आहे. थोरल्या भाऊजींना तेवढंच निमित्त मिळालं. तेव्हापासून आमचं बोलणं तुटक झालंय. माझं डोकंच मंदावलंय का?

उत्तर:

ताई, डोकं मंदावलेलं नाही. तुम्ही दोन तक्रारी लिहिल्यात, पण मला त्या एकच वाटतात. एखादी गोष्ट समोर आली की ती पुरती मनात उतरण्याआधीच हात हलतो: पुस्तक असेल तर फोनकडे, व्हिडिओ असेल तर उत्तराकडे. मध्ये थोडी उसंत परत आणली की दोन्ही सुधारेल.

आधी वाचन. सोफी लेरॉय या संशोधिकेने 2009 मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट सोडून दुसरं हाती घेतलं, तर मनाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो. ग्रुपवरचा वाद अर्धा टाकून पुस्तक उघडलं की पहिली काही मिनिटं चुळबुळीत जाणारच. बहुतेक लोक नेमके तिथेच पुस्तक मिटतात आणि 'आता आपल्याला वाचवत नाही' असं ठरवून टाकतात. ती मिनिटं जाऊ द्या. वाचलेलं डोक्यात शिरलं नाही असं वाटलं, तर मागचं एक पान पुन्हा वाचा, त्यात काही कमीपणा नाही.

तुमच्याकडे रोजचा लोकलचा वेळ आहे, त्याचा उपयोग करा. सकाळच्या गर्दीत उभ्याने वाचायचा हट्ट नको, त्याने फक्त चिडचिड होते. परतीची गाडी मात्र ठाण्यातूनच सुटते, त्यामुळे एक गाडी सोडली तर बसायला जागा मिळू शकते. तुमच्या आधीचं स्टेशन, घणसोली, जाईपर्यंत वाचायचं. बसल्याबसल्या मोबाइल डेटा बंद करा. फोन पूर्ण बंद नको, कारण 'घरून फोन आला तर?' या काळजीने तो पाच मिनिटांत पुन्हा चालू होतो. डेटा बंद असला तरी साधे कॉल येतातच, फक्त मेसेज थांबतात. पुस्तक पिशवीत वरच्या बाजूला आणि फोन तळाशी, चेनच्या कप्प्यात. हे क्षुल्लक वाटेल, पण हात सवयीने जी वस्तू आधी लागेल तीच उचलतो. एका पानाला दोन मिनिटं धरली तरी एका फेरीत सात-आठ पानं होतात. दीडशे पानांचं पुस्तक महिन्याभरात संपतं.

पुस्तक निवडताना घाई नको. सहाशे पानी कादंबरी 'वाचायचीच राहिली' म्हणून आत्ता काढू नका. सुटलेली सवय अशा जाडजूड पुस्तकाने परत येत नाही. कथासंग्रह किंवा दिवाळी अंक घ्या. 1909 च्या 'मनोरंजन'पासून चालत आलेल्या या परंपरेत एका बैठकीत संपणारा मजकूर भरपूर असतो, आणि काहीतरी पूर्ण वाचून झाल्याचं समाधान तुम्हाला सध्या हवं आहे. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासून उभं आहे. नोकरी ठाण्यातच आहे, तर कुठल्यातरी वाचनालयाचं सभासदत्व घ्याच. पुस्तक परत करायची तारीख डोक्यावर असली की वाचन आपोआप पुढे सरकतं.

आता मतांबद्दल. एकच विधान पुन:पुन्हा कानावर पडलं की ते खरं वाटू लागतं, हे 1977 मध्येच प्रयोगातून दिसलं होतं. तीन ग्रुपवर तोच व्हिडिओ आला म्हणून बातमी पक्की होत नाही. व्हॉट्सॲपच्या मेसेजवर दुहेरी बाण दिसला तर तो तुमच्यापर्यंत येईतो निदान पाच हात फिरला आहे, म्हणजे पाठवणाऱ्याने तो स्वतः काढलेला नाही एवढं नक्की. पुराचे व्हिडिओ तपासताना गाड्यांच्या नंबरप्लेट बघा. ठाण्यात एमएच 04 आणि नवी मुंबईत एमएच 43 बहुसंख्य दिसायला हव्यात. एखाददुसरी बाहेरची गाडी चालते, पण सगळ्याच परराज्यातल्या असतील तर तिथेच थांबा. दुकानांच्या पाट्यांची लिपी वाचा. मग व्हिडिओ एका दृश्यावर थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्समध्ये टाका. जुनं चित्र असेल तर बऱ्याचदा आधीची तारीख सापडते. काहीच सापडलं नाही, तर त्यावरून तो खरा ठरत नाही. 'उद्या पाणी बंद' छापाच्या मेसेजमध्ये तारीख, वेळ आणि विभाग तिन्ही हवेत, आणि तीच सूचना महापालिकेच्या स्वतःच्या पानावर दिसायला हवी.

एवढं करायला वेळ नसेल तर मत लिहू नका. 'याबद्दल मला पुरेसं माहीत नाही' असं ग्रुपवर लिहिलेलं चालतं. फार राग आला असेल तर चार ओळी वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी वाचा. तरीही पाठवावीशी वाटली तर पाठवा. ग्रुप सोडू नका, नुसता म्यूट करा. सोडलात की त्याचंच नवं भांडण होईल.

राहिला तो जुना व्हिडिओ. तो 'सगळ्यांसाठी डिलीट' करण्याची मुदत साधारण अडीच दिवसांची असते, ती कधीच गेली. ती असती तरी तुमच्याकडून पुढे गेलेल्या प्रती मागे आल्या नसत्या. म्हणून त्याच मेसेजला रिप्लाय करून एक ओळ लिहा: 'हा व्हिडिओ जुना आणि बाहेरचा आहे, मी न तपासता पाठवला, कृपया पुढे पाठवू नका.' भाचीचे आभार तिथेच माना, तिने योग्य तेच केलं. कारणं देऊ नका, पालिकेचा विषय पुन्हा काढू नका.

भाऊजींशी मात्र ग्रुपवर काही बोलू नका. लेखी बोलण्यात सूर कळत नाही आणि बाकीचे बघत असले की दोघांनाही माघार घेणं जड जातं. रविवारी सकाळी त्यांना साधा फोन करा. 'व्हिडिओबाबत माझं चुकलं, पण तुम्ही सगळ्यांसमोर बोललात ते मला लागलं' ही दोन्ही वाक्यं याच क्रमाने म्हणा आणि पुढे त्यांना बोलू द्या.