बाजारातल्या तुरी

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझा गेम अजून एकाही माणसाने खेळलेला नाही, पण त्याचं पोस्टर मात्र परवा माझ्या व्हॉट्सॲपवर येऊन पोचलं. देखणं आहे. खाली ‘या दिवाळीत’ असंही छापलंय. ते वाचलं आणि मला इंग्लंडातल्या लिव्हरपूलची, गेम काढणारी इमॅजिन सॉफ्टवेअर ही कंपनी आठवली.

मार्क बटलर आणि डेव्हिड लॉसन हे दोघे बग-बाइट नावाच्या कंपनीतून बाहेर पडले आणि १९८२ मध्ये त्यांनी इमॅजिन काढली. त्याच वर्षी झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती कॉम्प्युटर बाजारात आला होता, ४८ के मेमरीचा १७५ पौंडांना. गेम कॅसेटवर यायचे. टेपरेकॉर्डर जोडायचा, काही मिनिटं ती खरखर ऐकायची, मग खेळ सुरू. लॉसनने लिहिलेला ‘आर्केडिया’ हा गेम जोरात खपला आणि पैसा आला. पाठोपाठ महागड्या गाड्या आल्या, पानपानभर जाहिराती आल्या. विशीही न गाठलेल्या एका प्रोग्रामरला वर्षाला ३५,००० पौंड मिळतात, अशा बातम्या वर्तमानपत्रांत झळकल्या.

लोक त्या गाड्यांनाच नावं ठेवतात. मी नाही ठेवत. गाडी विकता येते. १९८३ च्या नाताळाआधी त्यांनी जे केलं ते मला जास्त खटकतं. कॅसेटच्या प्रती काढणाऱ्या कारखान्यांची क्षमता त्यांनी आधीच अडवून ठेवली. हेतू हा, की स्पर्धकांना माल काढताच येऊ नये. स्पर्धक काही मेले नाहीत, कॅसेटींचे ढीग मात्र यांच्याच गळ्यात पडले. त्याच हंगामातला त्यांचा ‘स्टॉन्कर्स’ हा युद्धाचा गेम खेळता खेळता मध्येच बंद पडण्यासाठी बदनाम झाला.

मग आले ‘मेगागेम’: ‘बँडरस्नॅच’ आणि ‘सायक्लॅप्स’. मशीनला मागून जोडायचं एक जादा हार्डवेअर सोबत मिळणार होतं. त्याने मेमरी वाढणार होती आणि टेपवरून टेपवर होणारी नक्कलही थांबणार होती. गेम साधारण साडेपाच पौंडांना मिळत असताना यांची किंमत चाळीसच्या घरात! जाहिराती मासिकांत झळकल्या, प्रोग्रामरांचे फोटोसुद्धा छापले गेले. गेम मात्र तयार नव्हते. मला वाटतं, ती किंमत गेमकडे बघून ठरलीच नव्हती, खर्चाचं भगदाड बघून ठरली होती. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, दुसरं काय.

९ जुलै १९८४ ला न्यायालयाने कंपनी गुंडाळली. निमित्त काय, तर जाहिराती छापणाऱ्या एका प्रकाशकाचं सुमारे दहा हजार पौंडांचं येणं. एकूण कर्ज त्याच्या कितीतरी पट होतं. बीबीसीवाले या कंपनीची भरभराट टिपायला आले होते. वसुलीवाले कचेरीत शिरले तेव्हा त्यांचा कॅमेरा तिथेच चालू होता.

इमॅजिन हे नाव मँचेस्टरच्या ओशन या गेम कंपनीने विकत घेतलं. काही प्रोग्रामर बाहेर पडले आणि त्यांनी डेंटन डिझाइन्स उभारली. लॉसन आणि इमॅजिनमधलाच इयन हेदरिंग्टन यांच्याकडून सिग्नोसिस ही गेम कंपनी उभी राहिली. ‘बँडरस्नॅच’चाच गाभा घेऊन तिने ‘ब्रॅटॅकस’ काढला आणि १९९३ मध्ये ती सोनीने घेतली. म्हणजे माणसं कच्ची नव्हती, हे ध्यानात घे. जाहिरातीत एकदा तारीख, किंमत आणि आकार छापून गेला की करणाऱ्याचे हात बांधले जातात. खेळून बघून एखादी गोष्ट काढून टाकण्याची सोयच उरत नाही.

मीही हे केलंय. एका गिऱ्हाइकाला न झालेल्या सॉफ्टवेअरचा डेमो दाखवला होता, पडद्यावर नुसती चित्रं. त्याने ऑर्डर दिली आणि पुढचे आठ महिने ती चित्रं खरी करण्यात गेले. त्यातलं एक बटण कशासाठी होतं, ते मला शेवटपर्यंत आठवलं नाही.

तेव्हा पोस्टरवरची दिवाळी आधी काढ. नव्या ऑफिसच्या करारावर सही झाली नसेल तर थांब. आणि रविवारी घरी ये, जे काही चालतंय ते घेऊन. एक चौकोन इकडून तिकडे उड्या मारत असला तरी चालेल. माझी नात नऊ वर्षांची आहे. कंटाळा आला की ती सरळ उठून जाते, कुणाचं मन राखत नाही. तिच्यासमोर ठेवू.

तुझा,
काका