रोज ऑफिसला सायकलने जातो, पायात साधे बूट असतात. पेडल कोणतं घ्यावं?

रुंद, सपाट प्लॅटफॉर्म पेडल घ्या, आणि पिना (पकडीसाठी पेडलवर असलेले बारीक उंचवटे) धातूच्या नकोत, प्लास्टिकच्याच उठावदार हव्यात. रोजच्या वाटेवर पाय सारखा जमिनीवर टेकवावा लागतो. क्लिपलेस पेडलमध्ये (नाव क्लिपलेस, पण बूट अडकवायचाच, ही एक गंमत) टाच बाहेर वळवल्याशिवाय पाय सुटत नाही. सवय होईपर्यंत सिग्नलला उभ्या उभ्या आडवं व्हायची वेळ येते. शिवाय त्यासाठी तळव्याला क्लीट (पेडलमध्ये अडकणारा तुकडा) लावलेले वेगळे बूट लागतात. धातूच्या पिनांची पकड उत्तम, पण चांगल्या बुटांचे तळवे खरवडतात आणि पाय निसटला तर नडगी सोलून निघते. अगदी गुळगुळीत प्लास्टिकही टाळा, पावसात त्यावरून पाय घसरतो.

अंतर मोठं आणि थांबे कमी असतील, तर मात्र एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने क्लीटचं असं दुहेरी पेडल बघा. त्यात दोन स्क्रूची क्लीट घ्या. ती तळव्यात खोल बसते, त्यामुळे नीट चालता येतं.

घेण्याआधी आटे तपासा. बहुतेक सायकलींना ९/१६ इंच लागतात, एकसंध क्रँक (पेडलचे दोन्ही दांडे आणि मधला आस एकाच तुकड्याचे) असेल तर १/२ इंच. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. बसवताना दोन्ही बाजूंना आसाचा वरचा भाग पुढच्या चाकाकडे फिरेल असं आवळायचं. आट्यांना थोडं ग्रीस लावा, नाहीतर पुढे काढताना घाम फुटतो.