कडबाकुट्टीत हात गेला आणि दुकानदार म्हणतो तुमचीच चूक

दादा, नवीन कडबाकुट्टीत (चारा कापायच्या मशीनमध्ये) वहिनींचा पंजा गेला, थांबवायचा दांडा ओढूनही रोलर थांबला नाही, आणि दुकानदार उलट "हात आत घातलाच कशाला" म्हणतो, हे वाचून पोटात कालवलं. माझ्या थोरल्या भावाचं अगदी असंच झालं होतं. मी वकील नाही. जे भोगलं ते सांगतो.

आम्हाला सगळ्यात महाग पडला तो दवाखान्यातला जबाब. भाऊ इंजेक्शनच्या गुंगीत, आणि चौकीवरच्या हवालदाराने ठरलेलं वाक्य लिहिलं: "हात चुकून मशीनमध्ये गेला, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही." दांडा न्यूट्रलला, म्हणजे रोलर थांबायच्या जागी, टाकला होता, पण त्याला तिथे अडकवणारा खटका धरत नव्हता, रोलर पेंढीसकट हात ओढत राहिला, यातलं एक अक्षर नाही. पुरवणी जबाब घ्या म्हटलं तर "प्रकरण कधीच मिटलं" म्हणून हाकलून लावलं. पुढे कंपनीच्या वकिलाने दर तारखेला तेवढंच वाक्य वाचून दाखवलं. एका धडधाकट माणसाचा हात गेला आणि कागदावर दोषी तोच! आजही चीड येते. म्हणून वहिनींच्या जबाबाची नक्कल आधी काढा. तसं काही लिहिलं असेल तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या. घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टने पाठवा.

दुकानदार "नेऊन दुरुस्त करून देतो" म्हणेल. मशीन गोठ्याबाहेर जाऊ देऊ नका, खटक्याला हातही लावू नका. ग्राहक आयोग ते प्रयोगशाळेत तपासून घेऊ शकतो.

माझं मत, फौजदारीमागे धावण्यापेक्षा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जा. बनावटीतला किंवा रचनेतला दोष, अपुऱ्या सूचना, यासाठी उत्पादक जबाबदार धरला जातो. बनवणाऱ्याचा पत्ताच लागत नसेल तर दुकानदारालाही धरता येतं. मात्र तुम्ही झाकण काढलं असेल, मोटर बदलली असेल तर दुकानदाराला सुटायला वाट मिळते, तेव्हा हे वकिलाला खरं खरं सांगा. मुदत 2 वर्षं, तक्रार आपल्याच जिल्ह्यात, आणि मशीनची किंमत 5 लाखांच्या आत असेल तर फी नाही. पक्कं बिल नसेल तर पैसे पाठवल्याचा मेसेज तरी जपा.

आणि हो, सातबारा असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचा अर्जही तालुका कृषी कार्यालयात लगेच टाका. त्याची मुदत फक्त 30 दिवस आहे.