दाराकडे पाठ करून

मावशी,
मी तासगावची. नवरा दारू पिऊन मारायचा. आठ महिन्यांपूर्वी साडेचार वर्षांच्या मुलीला घेऊन माहेरी आले. तो इकडे फिरकलेला नाही. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये हिशेबाचं काम मिळालंय, मी आता बरी आहे. पण पोरगी बिघडलीये. पुन्हा अंथरुणात शू करते, अंगणवाडीत पोरांना चावते, बाहुलीला डब्यात कोंबून झाकण लावते. बापावर गेली की काय, असं वाटतं. तशी धीट आहे, कडी वाजली की पळत येऊन माझ्यासमोर उभी राहते, दाराकडे पाठ करून. आई म्हणते, लहान आहे, विसरेल, तिच्यासमोर विषय काढू नको. पुण्याची ताई म्हणते, वर्षभर माझ्याकडे ठेव, इथे चांगले डॉक्टर आहेत. पाठवू का?
– एक आई

नको पाठवू.

आणि ती धीटबीट काही नाही गं. चावणं, अंथरूण, बाहुली हे सगळं तू काळजीनं लिहिलंस आणि जे वाचून माझं काळीज लक्कन हललं, ते कौतुकाच्या एका ओळीत उरकून टाकलंस. दाराला घाबरलेलं पोर दाराकडे बघतं. तुझी लेक दाराकडे पाठ करते. मग बघते कुठे? तुझ्या तोंडाकडे. बाहेर दूधवाला आहे की शेजारीण, हे ती तुझ्या चेहऱ्यावरून ओळखते. सासरी तिनं तेच केलं असणार. आईचा चेहरा उतरला की पुढे काय होतं, हे तिनं पाहिलंय.

आता मला सांग, कडी वाजते तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर काय असतं? तो आठ महिन्यांत आला नाही, तरी तुझा श्वास अडकतो ना? हातातलं लाटणं थांबतं ना? म्हणून ‘मी आता बरी आहे’ हे तुझं म्हणणं मी मानत नाही. एवढंसं लेकरू तुझी राखण करतंय आणि तू तिला ‘बिघडली’ म्हणतेस. ‘बापावर गेली’ तर पुन्हा तोंडातून काढू नकोस. तिच्या रागात तुला तो दिसतो, तू दचकतेस आणि तुझं दचकणं बघून ती आणखी बिथरते.

अशा मायलेकरांवर एकत्रच उपचार करतात. 1970च्या दशकात अमेरिकेत मिशिगनमध्ये सेल्मा फ्रायबर्ग ही बाई घरोघर जायची आणि आई नि तान्ह्या बाळाजवळ थेट स्वयंपाकघरात बसून काम करायची. तिच्या हाताखाली तयार झालेल्या अलिशिया लिबरमन यांनी पुढे सॅन फ्रान्सिस्कोत पॅट्रिशिया व्हॅन हॉर्न यांच्यासोबत ही पद्धत ‘चाइल्ड-पेरेंट सायकोथेरपी’ या नावानं वाढवली. घरातली मारहाण पाहिलेली तीन ते पाच वर्षांची मुलं आणि त्यांच्या आया अशा 75 जोड्यांवर त्यांनी अभ्यास केला, तो 2005 साली प्रसिद्ध झाला. एकत्र उपचार घेणाऱ्या जोड्या वर्षभर, दर आठवड्याला, एका खोलीत समुपदेशकासोबत खेळत, बोलत बसल्या. मुलांचा त्रास कमी झालाच, शिवाय त्या आठवणी टाळत जगणाऱ्या आयांचं ते टाळणंही कमी झालं.

खोलीत काय होतं, तर खेळणी असतात. तुझी लेक बाहुली डब्यात कोंबेल. समुपदेशक तिला रागावणार नाही की तुला बाहेर पाठवणार नाही. बाहुलीला आत काय ऐकू येतंय, असं ती हळूच विचारेल. आणि त्या दिवशी नाही तर पुढे कधीतरी, तिच्या मदतीनं तू लेकीला सांगशील, ‘बाबांनी मला मारलं. तू पाहिलंस. तू घाबरलीस, मीही घाबरले. तुझ्यामुळे झालं नाही. मला सांभाळणं तुझं काम नाही.’

तुझ्या आईनं प्रेमापोटी सांगितलंय, पण चुकीचं सांगितलंय. विषय काढला नाही म्हणून पोर विसरत नाही, एकटं पडतं. आणि या वयाची मुलं दोष स्वतःकडे घेतात. मी दूध सांडलं म्हणून बाबांनी आईला मारलं, असा त्यांचा हिशेब असतो. त्यात तिला पुण्याला धाडलीस, तर मी वाईट म्हणून आईनं मला टाकलं, असंच ती धरून चालेल. शिवाय रात्री जागी राहील. आईसमोर आता कोण उभं राहतंय, हा घोर तिला तिथेही सोडणार नाही.

तेव्हा येत्या आठवड्यात अर्ध्या दिवसाची रजा टाक आणि मिरजेला सिव्हिलच्या मानसोपचार विभागात जा. दोघी जा, बाहुली आणि डबाही ने. ही पद्धत नावानिशी शिकलेलं माणूस तिथे असेलच असं नाही, म्हणून नाव सांगत बसू नकोस, मागणी सांग. ‘आम्हा दोघींना एकाच खोलीत, एकत्र बसवा.’ मुलीला बाहेर थांबवा म्हणाले किंवा तुला बाहेर जायला सांगितलं, तर पुन्हा तेच सांग. लाजू नकोस. जायचा धीर होईना तर आधी टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर फोन कर. तो फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. मात्र तो माणूस पुन्हा दारात आला, तर आधी 112 ला फोन आणि मग महिला हेल्पलाइन 181. जीव सुरक्षित नसेल तर खेळण्यांच्या खोलीचा काही उपयोग नाही.

आणि ताईला फोन करून नाही म्हणून सांग. तिला खरंच मदत करायची असेल, तर दर आठवड्याला तुझा जो अर्ध्या दिवसाचा पगार बुडेल, तो वर्षभर तिनं भरून द्यावा. वाटल्यास माझं नाव सांग.