डिसेंबरात मित्रासोबत जळगाव ते प्रकाशा सायकलने जायचंय. साधी सायकल चालेल का, रोज किती अंतर झेपेल, आणि मध्येच सोडून यावं लागलं तर?

साधी सायकल चालते, एकदम चालते. मी आणि माझा मित्र २००४ च्या डिसेंबरात फैजपूरहून प्रकाशाला, म्हणजे तापीकाठच्या त्या तीर्थक्षेत्राला, जायचं म्हणून निघालो होतो, दोघांकडे बिनगिअरच्या काळ्या सायकली, माझी तर वडिलांची. सातपुड्याच्या पायथ्याने जाणारा रस्ता आहे, तापीचं खोरं, सपाट काळी जमीन, घाट एकही नाही, फक्त डोंगरातून उतरणारे नाले आडवे येतात तिथे पुलापाशी थोडा उतार थोडा चढ. तेवढ्यासाठी तीस-चाळीस हजाराची सायकल घ्या म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. रोज ५०-६० किलोमीटर धरा, त्यापेक्षा जास्त ठरवलं तर गावं बघणं होत नाही, नुसता रस्ता बघणं होतं.

पण मी लिहायला बसलोय ते तुमच्या तिसऱ्या प्रश्नामुळे. कारण इतकी वर्षं झाली तरी माझा मित्र चार लोकांत सांगतो की याच्यामुळे आपलं प्रकाशा राहिलं.

आधी रस्त्याचं सांगतो. पहिल्या दिवशी यावल, साकळी, किनगाव, अडावद करत चोपडा. दोन्हीकडे केळीच्या बागा, पाणी चालू असलं की रस्त्यावर पण गारवा लागतो. अडावदहून आत गेलं की उनपदेवला गरम पाण्याचे झरे आहेत, दिवसभर पायडल मारून गोमुखाच्या त्या पाण्यात पाय धरले की पोटऱ्या मोकळ्या होतात, तेवढा फेरा माराच. रात्री चोपड्याला माझ्या मावशीकडे भरीत आणि कळण्याची भाकरी. दुसऱ्या दिवशी अनेरचा पूल ओलांडला की धुळे जिल्हा, आणि भाषाच बदलते. आमच्याकडे 'कुठी चालले रे भो' विचारतात, तिकडे चहावाल्याने 'कथा जाई ऱ्हायनात भाऊ' विचारलं, आणि कुठून आलो ते कळल्यावर चहाचे पैसे घेतले नाहीत. शिरपूरच्या अलीकडे थाळनेर आहे, तापीच्या काठावर, तिथे खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत, ही त्यांची आधीची राजधानी, बऱ्हाणपूर नंतरचं. आम्हाला शाळेच्या सहलीत देवगिरी दाखवली, घराजवळचं थाळनेर कोणी दाखवलं नाही. खानदेशात ऊन आणि केळी सोडून काय आहे असं जे विचारतात ते रेल्वेच्या खिडकीतूनच खानदेश बघतात, माझं स्पष्ट मत.

तिसरा दिवस म्हणजे २६ डिसेंबर, रविवार, दत्तजयंती. मुद्दाम तो दिवस साधून आम्ही सारंगखेड्याला पोचलो होतो, एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा बाजार. मारवाडी, काठेवाडी घोडे, घेणारी माणसं दात बघतायत, अंगावरचे भोवरे बघतायत, धूळ नुसती. संध्याकाळी एका हॉटेलात टीव्हीसमोर गर्दी दिसली म्हणून थांबलो तर त्सुनामीची बातमी चालू होती, चेन्नईचा मरिना बीच दाखवत होते. मित्राचा मोठा भाऊ चेन्नईला नोकरीला.

एसटीडी बूथवर लाईन लागेना, 'इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं', दहा-बारा वेळा तेच. त्याच्या घरी लागला तर घरी पण काही कळलेलं नव्हतं, त्याची आई फोनवर रडायलाच लागली. तो म्हणाला आत्ता निघायचं, दोंडाईचा स्टेशन गाठायचं आणि मिळेल ती गाडी धरायची. मी त्याला तासभर अडवलं, हे खरंय. तो म्हणतो तुला प्रकाशा करायचं होतं म्हणून अडवलं. हो, करायचं होतं, खोटं कशाला बोलू, सकाळी निघालो असतो तर दुपारच्या आत पोचलो असतो. पण अडवलं ते त्यासाठी नाही. उसाचा सीझन, रात्री रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या, मागे ना लाल दिवा ना रेडियम, आणि याच्या सायकलला लाईट नाही. आणि तो ज्या अवस्थेत होता त्या अवस्थेत सायकलवर बसलेला माणूस समोर बघत नाही. तो भाकरीचे चार घास खाईपर्यंत मी निघू दिलं नाही, मग निघालो, माझा डायनामो पुढे आणि तो माझ्या मागे.

पौर्णिमा होती. तापीचा पूल ओलांडताना पाणी पांढरं दिसत होतं, दोघंही बोललो नाही. वीसेक किलोमीटरच अंतर, पण मध्ये त्याच्या मागच्या चाकात बाभळीचा काटा घुसला. पंप नको, प्रत्येक गावात पंक्चरवाला असतो, हे फैजपूरहून निघताना त्याचं म्हणणं, आणि मी तरी घेतला होता. रात्री अकराला कुठला पंक्चरवाला? ट्यूब पाण्यात बुडवायला काही नाही, गालाजवळ फिरवून हवा कुठून लागते ते शोधलं, घासलं, सोल्युशन लावलं, पॅच मारला. पहाटे दोंडाईचा स्टेशनबाहेरच्या बूथवरून घरी लागला. भावाचा फोन येऊन गेला होता, तो समुद्रापासून लांब राहायचा, सुखरूप होता.

आता भांडण इथं आहे. मित्र तिथेच सायकलला हात लावून म्हणाला, चल मग, परत फिरू, प्रकाशा करू. मी नाही म्हणालो. तो धरून बसलाय की मी थकलो होतो. मी थकलेलो नव्हतो. त्याची आई रात्रभर जागी होती, एक पोरगा फोनवर सापडला होता आणि दुसरा अजून रस्त्यावर होता, हे त्याला त्या वेळी दिसत नव्हतं आणि मला दिसत होतं. सायकली बुक करून पॅसेंजरमध्ये टाकल्या, तेव्हा सिंगल लाईन, क्रॉसिंगला थांबत थांबत नरडाणा, अमळनेर, धरणगाव, दुपार झाली. भुसावळहून पुन्हा सायकलने घरी. आई फाटकातच उभी होती, तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, मग माझ्या. ही गोष्ट तो सांगताना कधीच सांगत नाही.

म्हणून अर्धवट सोडावं लागलं तर सोडा, दोनदा विचार करू नका, पण निघायच्या आधी दोघांनी बसून ठरवा की कशासाठी परत फिरायचं आणि दोघांचं पटलं नाही तर कोणाचं चालणार. किलोमीटरचा हिशोब तोंडपाठ असतो लोकांना, हे कोणी ठरवत नाही. आणि मोजून अंतर तोडायला निघालेला जोडीदार असेल तर एकटे जा.

हां, काही गोष्टी राहिल्या. मागे लुकलुकणारा लाल दिवा दोघांच्या सायकलला पाहिजेच, अंधारात आम्ही गेलो तसं जाऊ नका, ती वेळच तशी होती. पंप, पॅच, पाने, एक जादा ट्यूब. दुपारी ढाब्यावर झणझणीत शेवभाजी खाऊन लगेच सायकलवर बसू नका. एप्रिल-मेमध्ये हा विचारच करू नका, पारा ४४-४५ ला जातो. आणि शहाद्याहून पुढे तोरणमाळ चढायचं डोक्यात असेल तर मात्र गिअरची सायकल घ्या, ते अकराशे मीटरच्या आसपास आहे, साध्या सायकलने मी केलेलं नाही.