मुलीच्या शिक्षणाला स्टँपपेपर कशाला?

प्रश्न : आम्ही कोल्हापूरचे, राजारामपुरीत राहतो. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र, आतापर्यंत ७१ टक्के. तिला पुढं दहशतवाद आणि अंतर्गत सुरक्षा शिकायची आहे. यजमान म्हणतात, आयपीएस होणार असशील तरच पाठवतो. त्यांनी तिच्याकडून पाचशेच्या स्टँपपेपरवर तसं लिहून घेतलंय. तीन प्रयत्नांत जमलं नाही तर घरचे म्हणतील तिथं लग्न. साक्षीदार म्हणून माझ्या भावाची सही आहे. ती म्हणते, ‘मला पोलीस व्हायचंच नाही, हे सगळं घडतं कसं ते शोधायचंय.’ मुलीला असला बंदुकीचा विषय झेपेल का? आयपीएसची हमी देणारा कोर्स कोणता?
– एक आई

ताई, कोर्सचं नंतर बोलू. आधी त्या कागदाचं.

एकवीस वर्षांच्या मुलीकडून लग्नाचं असं लिहून घेणं मला अजिबात पटलेलं नाही. कोर्टात या कागदाला काडीची किंमत नाही, हे तुमच्या यजमानांनाही ठाऊक असणार. तरी तो केला, कारण त्याचा धाक घरात चालतो. मामाची सही घेतली म्हणजे उद्या आजोळी जाऊन मन मोकळं करायची सोयही संपली. परीक्षेत अपयश आलं तर त्याची शिक्षा लग्न, असं त्यात लिहिलंय. लग्नाचीच शिक्षा करून ठेवलीत, मग त्या मुलीनं संसाराकडं कोणत्या नजरेनं बघायचं? आणि परीक्षा कोणती, तर यूपीएससीची, जिला दरवर्षी दहा लाखांच्या आसपास अर्ज येतात, निवड हजारभरांची होते आणि त्यातले दीड-दोनशे आयपीएसला जातात. भले भले हुशार पाचव्या-सहाव्या प्रयत्नाला यादीत येतात. तीन प्रयत्नांची अट कुठल्या हिशेबानं घातली, ते यजमानांना विचारा.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पोरगी स्पष्ट सांगतेय की तिला पोलीस व्हायचं नाही. तिचं हे एक वाक्य तुम्ही पत्रात लिहिलंत, आणि लगेच पुढच्या ओळीत मला आयपीएसची हमी मागितलीत. अशी हमी कुणीही देऊ शकत नाही. जो क्लासवाला देतो, त्याच्या पायऱ्या चढू नका. यूपीएससी, सीएपीएफ म्हणजे केंद्रीय सशस्त्र पोलीस दलं, आयबी या केंद्रीय गुप्तचर खात्यातलं एसीआयओ हे अधिकारीपद, एमपीएससीची फौजदारकी, कशालाही कुठल्याही शाखेची पदवी चालते. त्यासाठी या विषयात एम.ए. करावं लागत नाही.

आता ‘बंदुकीचा विषय’. हा गैरसमज बऱ्याच घरांत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. १२ मार्च १९९३ ला मुंबईत बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसं गेली. त्यात वापरलेलं आरडीएक्स हे स्फोटक रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरलं होतं. तिथून ते मुंबईला गेलं ते रस्त्यानं, आणि पुढं टाडा या तेव्हाच्या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या न्यायालयात कस्टम्सचे अधिकारी आणि पोलीसही दोषी ठरले. पैसे घेऊन वाट मोकळी करून दिली होती. या विषयाचा विद्यार्थी हे निकालपत्र घेऊन बसतो. कोणत्या नाक्यावर कोण होतं, हप्ता आधीपासून कसा चालत होता, तस्करीची जुनी वाट स्फोटकांना कशी आयती मिळाली, हे तो शोधतो. २६/११ नंतर राम प्रधान समितीनं पोलिसांच्या कामाची तपासणी केली, तेव्हाही एक प्रश्न हाच होता, की गुप्तवार्तांच्या आगाऊ सूचना येत होत्या, तर त्यांचं पुढं झालं काय. हे काम कागदांचं, आकड्यांचं, चिकाटीचं आहे. ते मुलीला झेपेल का, असं विचारूच नका. तिला तासन्‌तास वाचत बसायला आवडतं का, एवढं बघा.

शिकायचं कुठं? पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा संरक्षण आणि सामरिकशास्त्र विभाग जुना आणि नावाजलेला आहे. तिच्यासाठी मी तोच सुचवेन. गांधीनगरला राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ आहे, केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अखत्यारीतलं. खासगी संस्थांच्या चकचकीत माहितीपत्रकांवर मात्र भुलू नका.

नोकऱ्यांबद्दल खरं सांगते, मोजक्या आहेत. दिल्लीत संरक्षणविषयक संशोधन संस्था आहेत, नेट ही पात्रता परीक्षा देऊन प्राध्यापकी आहे, पत्रकारिता आहे. बँकांमध्ये संशयास्पद व्यवहार तपासणारे विभाग असतात. दहशतवादाचा पैसा शोधायचं काम तिथंही चालतं, आणि त्याकडं आपल्याकडची मुलं फारशी बघत नाहीत. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. म्हणून पदवीबरोबर तिनं संख्याशास्त्राची तोंडओळख करून घ्यावी आणि उर्दू वाचायला शिकावं. मूळ कागद वाचता येणाऱ्याला या क्षेत्रात वेगळा भाव असतो. एक पथ्य मात्र कडक पाळायचं. अतिरेकी संघटनांचे व्हिडिओ, पत्रकं फॉरवर्ड करायची नाहीत, त्यांच्या ग्रुपमध्ये ‘अभ्यासासाठी’ म्हणूनही शिरायचं नाही. न्यायालयाचे निकाल, सरकारी अहवाल, ग्रंथालय आणि डोक्यावर मार्गदर्शक, याच वाटेनं जायचं.

प्रबंधाला विषय तर तिच्या शहरातच आहे. ७ जून २०२३ ला मोबाइलच्या स्टेटसवरून कोल्हापूर पेटलं, दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. दंगल आणि दहशतवाद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण अंतर्गत सुरक्षेच्या अभ्यासात दोन्ही येतात. एका स्टेटसपासून जमावापर्यंत गोष्ट किती तासांत आणि कुणाकुणाच्या हातून गेली, हे शोधायला तिच्याइतकं सोयीचं माणूस दिल्लीत बसून मिळणार नाही.

हे उत्तर यजमानांना वाचायला द्या. तो कागद त्यांनी स्वतःच्या हातानं, मुलीसमोर फाडावा, आणि तुमच्या भावालाही तसं कळवावं. पुढचं पत्र मात्र तुम्ही लिहू नका, तिला लिहू दे. ‘हे कसं घडतं’ म्हणजे तिला नेमकं कशाबद्दल म्हणायचंय, ते तिनं पानभर लिहून पाठवावं. ते वाचून मी तिला पुण्याच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीबद्दल स्वतंत्रपणे लिहीन.